हजार युनिट्स, एक खेळाडू: मोठ्या आरटीएसनी हा तिढा कसा सोडवला?

रणगाडा

मोठ्या आरटीएसचा (रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे पाळ्या न लावता सगळे एकाच वेळी खेळतात असे युद्धाचे गेम) विषय निघाला की गाडी हमखास युनिट कॅपवर, म्हणजे किती युनिट्स ठेवता येतात त्या मर्यादेवर, येऊन थांबते. स्टारक्राफ्ट 2 मध्ये दोनशे सप्लाय, सुप्रीम कमांडरमध्ये पाचशे किंवा हजार, आणि 2001 च्या कोसॅक्समध्ये तर एका सामन्यात आठ हजार शिपाई. आकडा मोठा म्हणून गेम मोठा, हे मला कधीच पटलेलं नाही. युनिट्स कितीही वाढवा, खेळाडूचं लक्ष तेवढंच राहतं. एका वेळी एकाच जागी बघता येतं, एकाच जागी क्लिक करता येतं. त्यामुळे मोठा गेम बनवणाऱ्यापुढे पहिला प्रश्न हा, की खेळाडूच्या हातून कोणतं काम काढून घ्यायचं. आणि दुसरा, जास्त अवघड: ते काम काढल्यावर त्याला कोणता निर्णय द्यायचा? बहुतेक चर्चा पहिल्या प्रश्नावरच संपतात. मला दुसऱ्यावर बोलायचंय.

आधी थोडं मागे जाऊ. ड्यून 2 (1992) मध्ये एका वेळी एकच युनिट निवडता यायचं. वॉरक्राफ्टमध्ये (1994) चार, दुसऱ्या वॉरक्राफ्टमध्ये नऊ, स्टारक्राफ्टमध्ये (1998) बारा. या सगळ्यांच्या मधेच, 1997 साली, केव्हडॉग कंपनीत ख्रिस टेलर यांनी टोटल ॲनिहिलेशन केला. त्यातल्या थ्रीडी डोंगरांबद्दल आणि स्फोटांबद्दल लोक भरभरून बोलतात. माझ्या मते त्यातली सगळ्यात मोठी करामत म्हणजे इकॉनॉमी.

बहुतेक आरटीएसमध्ये पैसे आधी मोजावे लागतात. स्टारक्राफ्टच्या बॅरॅक्समध्ये (सैनिक बनवणारी इमारत) पाच मरीन सैनिक रांगेत लावले की पाचांचे पैसे तिथल्या तिथे कापले जातात, आणि त्यातल्या चौघांचे नुसतेच अडकून पडतात. म्हणून चांगला खेळाडू लांब रांग लावतच नाही. सारखा परत येऊन एकेक मरीन काढतो. टोटल ॲनिहिलेशनमध्ये मेटल आणि एनर्जी सतत येत असतात आणि सतत खर्च होत असतात. फॅक्टरीत शंभर रणगाड्यांची रांग लावा, एक छदामही जात नाही. जो रणगाडा आत्ता बनतोय त्याचाच खर्च, तोही बनत जाईल तसतसा कापला जातो. मिळकतीपेक्षा खर्च वाढला तर काम बंद पडत नाही, सगळीकडेच मंदावतं. त्यामुळे फॅक्टरीला 'हेच बनवत राहा' असं सांगून निर्धास्तपणे पुढे जाता येतं. हे ऑटोमेशन कुणी वरून चिकटवलेलं नाही, हिशोबाच्या पद्धतीतूनच ते आलंय. त्या बदल्यात खेळाडूला जो निर्णय मिळाला तोही मोठा आहे: माझी आवक किती, आणि ती आत्ता कुठे वळवायची?

सुप्रीम कमांडरने (2007, गॅस पॉवर्ड गेम्स, पुन्हा टेलरच) यात झूमची भर घातली. माउसचं चाक मागे फिरवत गेलं की अख्खा नकाशा पडद्यावर येतो, युनिट्सचे आयकॉन होतात. आयकॉनच्या आकारावरून प्रकार कळतो, त्यावरच्या खुणांवरून टेक लेव्हल (युनिट किती प्रगत आहे ते: टी1, टी2, टी3). पण खरी गंमत परत आत येण्यात आहे. झूम कर्सरच्या जागी होतो, म्हणजे वायव्येच्या बेसवरून आग्नेयेच्या लढाईवर जायचं तर चाक मागे, कर्सर तिकडे, चाक पुढे. एका झटक्यात पोचलात. मिनीमॅप जवळजवळ निरुपयोगी होतो. 81 किलोमीटर बाजूचे नकाशे या एका गोष्टीमुळे खेळण्याजोगे झाले.

आता आकड्यांवर येतो, कारण भव्यता नेमकी कुठून येते ते इथे दिसतं. फोर्ज्ड अलायन्समध्ये (सुप्रीम कमांडरची विस्तारित आवृत्ती) पहिल्या लेव्हलचा मेक्स (जमिनीतून मास, म्हणजे बांधकामाचा कच्चा माल, काढणारी इमारत) 36 मास खातो आणि सेकंदाला 2 मास देतो. एनर्जी आणि बांधायचा वेळ बाजूला ठेवला तर 18 सेकंदांत वसूल. त्याचा टी2 करायला 900 मास लागतो आणि मिळकत 2 वरून 6 होते. म्हणजे वाढीव 4 साठी 900, वसुलीला 225 सेकंद. टी3 ला 4600, मिळकत 18. वाढीव 12 साठी जवळजवळ 383 सेकंद. मधेच चार मास स्टोरेज (साठवणीच्या इमारती) भोवती लावली तर मेक्सची मिळकत निम्म्याने वाढते. टी2 वर हे 800 मासमध्ये 3 जास्त देतं, म्हणजे 267 सेकंद. अपग्रेडचा क्रम या भागाकारातूनच ठरतो.

पण 18 आणि 225 यांतली दरी बघा. घरी बसून अपग्रेड करण्यापेक्षा बाहेर जाऊन मोकळा मेक्स पकडणं बारापटीहून जास्त फायद्याचं आहे. म्हणून सगळे बाहेर पडतात. लांबचा प्रत्येक मेक्स म्हणजे दोन-चार स्वस्त रणगाड्यांनी सांभाळायची जागा, आणि शत्रूच्या दोन-चार स्वस्त रणगाड्यांनी मोडायचीही. आघाडी आपोआप पसरते. कुठलाही नियम 'सैन्य विखुरून ठेवा' असं सांगत नाही, पण 36 मासचा मेक्स ते काम करून घेतो.

अर्धविराम

धागा आवडला, मेक्सचा हिशोब तर फारच. मूळ मुद्द्याशी मात्र असहमत.

तुम्ही लक्षाची टंचाई ही अडचण धरून चालताय. माझ्या लेखी तोच खेळ आहे. पहिल्या स्टारक्राफ्टमध्ये नवीन कामगार जन्मला की त्याला खाणीवर स्वतः पाठवावं लागायचं. त्यासाठी घरी यावं लागतं, आणि घरी आलात की लढाईवरची नजर सुटते. समोरच्याला हे माहीत असतं. तो मुद्दाम दोन ठिकाणी एकदम ड्रॉप टाकतो (हवेतून सैन्य उतरवतो), कारण त्याला तुमचं लक्ष फोडायचंय. हा घाव युनिट्सवर नाही, खेळाडूवर आहे, आणि आरटीएस सोडून कुठल्या प्रकारात असा घाव घालता येतो?

स्टारक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझर्डलाही हे कळलं होतं. स्टारक्राफ्ट 2 मध्ये त्यांनी कामगार आपोआप खाणीवर पाठवायची सोय दिली, निवडीची बाराची मर्यादा काढली, आणि लगेच म्यूल, लार्वा इंजेक्ट, क्रोनो बूस्ट अशी कमाई किंवा उत्पादन वाढवणारी, परत परत करायची कामं नव्याने घातली. का? कारण घरी परत यायला कारणच उरलं नसतं.

रणगाडा

@अर्धविराम, दोन ठिकाणच्या ड्रॉपबद्दल शंभर टक्के सहमत. तो डाव मोठ्या गेममध्येही तसाच चालतो. फरक एवढाच, की लार्वा इंजेक्टमध्ये ठरवण्यासारखं फारसं काही नाही. वेळेवर केलं तर बरोबर, उशीर झाला तर चूक. ज्या कामाचं उत्तर प्रत्येक वेळी एकच असतं, त्यावर माझं लक्ष खर्च होऊ नये. ड्रॉप कुठे टाकायचा याला दहा उत्तरं आहेत. त्यावर व्हावं.

कूटप्रश्न

बाराची मर्यादा काढल्याचा एक परिणाम इथे यायला हवा: डेथबॉल, म्हणजे सगळं सैन्य एकाच घोळक्यात. आणि त्यामागचं गणित गेमिंगपेक्षा खूप जुनं आहे.

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेला वर्ग-नियम असा: दोन्ही बाजूंचा प्रत्येक जण प्रत्येकावर गोळी झाडू शकत असेल, तर सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सारखेच रणगाडे घ्या. 100 विरुद्ध 60. शंभरवाल्यांचे 40 उरतील असं वाटतं. प्रत्यक्षात 10,000 वजा 3,600, त्याचं वर्गमूळ 80. म्हणजे साठच्या साठ गेले आणि यांचे फक्त 20.

आता तेच शंभर पन्नास-पन्नास करून एकामागून एक पाठवा. पहिले पन्नास सगळे मरतात, पण साठांचे 33 उरतात. दुसरे पन्नास या 33 वर पडतात आणि 37 शिल्लक राखून जिंकतात. तेच रणगाडे, तोच शत्रू. 80 ऐवजी 37. मग सैन्य फोडायला कोण धजावेल? सगळं एकत्र घेऊन हिंडणं हे गणिताने दिलेलं उत्तर आहे. खेळाडूंना त्याबद्दल नावं ठेवून उपयोग नाही.

डिझायनरचं काम या वर्गाचा जोर मोडणं. मला दिसलेल्या चांगल्या युक्त्या टोटल ॲनिहिलेशनच्या घराण्यातल्या आहेत. तिथे तोफगोळा खरोखर उडत जातो. मधे टेकडी आली तर टेकडीवर आदळतो, लक्ष्य हललं तर चुकतो. मागच्या रांगेतल्या रणगाड्याला पुढचं दिसत असूनही मारता येईलच असं नाही. 'प्रत्येक जण प्रत्येकावर' ही लँचेस्टरची अटच मोडली, की मागे उभ्या असलेल्या पन्नासांचा उपयोग घटतो.

दुसरी युक्ती त्याहून सुंदर आहे: मोडतोड. मेलेल्या रणगाड्याचा सांगाडा मैदानात पडून राहतो आणि इंजिनिअर त्यातून मेटल परत काढतो. म्हणजे तुमचा फसलेला हल्ला शत्रूच्या दारात मेटलचा ढीग टाकून येतो. जिंकलात पण मैदान सोडलंत, तरी तेच. लढाई संपली की दोन्हीकडचे इंजिनिअर त्या ढिगाकडे धावतात आणि त्यावरून पुढची लढाई पेटते. हल्ला करण्याआधी 'हरलो तर हे कुणाच्या अंगणात पडेल' हा विचार करायला लावणारा दुसरा नियम मी पाहिलेला नाही.

तिसरी म्हणजे नुसतं अंतर. 20 किलोमीटरच्या नकाशावर सगळं सैन्य एका कोपऱ्यात असेल, तर दुसऱ्या कोपऱ्यात पडलेल्या धाडीला ते वेळेत पोचतच नाही.

दुर्गपाल

सगळे सुप्रीम कमांडरच्याच रांगेत उभे दिसताहेत, म्हणून दुसऱ्या वाटेबद्दल लिहितो. लक्ष पुरत नसेल तर झूम आणि रांगा देण्याऐवजी युनिटच मोठं करा. शिपाई मोजूच नका, तुकडी मोजा.

टोटल वॉर हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. तिथे शंभरेक माणसं म्हणजे एक युनिट, एक झेंडा. पण तुकडीपेक्षाही मोठी गोष्ट तिथलं मनोधैर्य. बाजूने किंवा पाठीमागून घोडदळ आदळलं की तुकडी सगळी मरायच्या आधीच पळत सुटते, आणि तिला पळताना बघून शेजारची डळमळते. @कूटप्रश्न, तुमच्या वर्ग-नियमाला हेही एक उत्तर आहे. तिथे शेवटच्या माणसापर्यंत लढाई होतच नाही. ती कुठे मोडायची ते शोधायचं असतं. वीस तुकड्या, त्यातल्या तिघींना योग्य क्षणी हलवलं की काम झालं.

कोसॅक्समध्ये हेच अर्धवट होतं आणि म्हणून फार गमतीशीर होतं. शिपाई एकेक करून बनतात, पण अधिकारी आणि ढोलवाला जोडल्याशिवाय त्यांची फलटण होत नाही. फलटण झाली की लढायची ताकद वाढते, आणि एका क्लिकमध्ये सगळे हलतात. शिवाय प्रत्येक गोळीला लोखंड आणि कोळसा लागतो. सोनं संपलं की भाडोत्री सैनिक उलटतात. अन्न संपलं की उपासमारीने माणसं मरायला लागतात. आठ हजारांचं सैन्य उभं करणं सोपं होतं, पोसणं अवघड. संख्येला लगाम घालायची ही पद्धत मला कोरड्या युनिट कॅपपेक्षा कितीतरी पटीने जास्त आवडते, कारण मर्यादा किती हे तुमच्या खाणी ठरवतात.

आणि कोहान (2001, टाइमगेट). या गेमवर फार कमी लिहिलं जातं, म्हणून थोडं सविस्तर. तिथे तुम्ही सैनिक बनवतच नाही, कंपनी बनवता: एक कॅप्टन, पुढची फळी, बाजूचे, मागचे मदतनीस. एकदा कंपनी भिडली की तुम्ही फारसं काही करू शकत नाही. लढत राहायचं की माघार घ्यायची, एवढंच. मेलेले सैनिक आपल्या शहराच्या रसदक्षेत्रात परत आलं की आपोआप भरून निघतात. म्हणजे निम्मी कंपनी वाचवून मागे आणणं हे नवी कंपनी बांधण्यापेक्षा स्वस्त. लाकूड, लोखंड, दगड यांचा साठाही करायचा नाही. आवक कमी पडली तर तूट सोन्यातून भरली जाते. खेळाडूपुढे एकच मोठा प्रश्न उरतो: रसदक्षेत्र कुठपर्यंत नेलं, आणि कंपनी त्याच्या किती बाहेर पाठवायची. एपीएम (मिनिटाला किती क्लिक आणि बटणं) जवळजवळ शून्य आणि डोकं पूर्ण वेळ चालू. मायक्रो (एकेक युनिट हाताने हलवणं) काढून टाकून त्या जागी काय ठेवायचं, हे ज्याला शिकायचंय त्याने कोहान उघडावा.

रणगाडा

@दुर्गपाल, कोहानबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं. ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटीने (2016) ही दोन्ही घराणी एकत्र आणायचा प्रयत्न केला होता: युनिट्सची 'आर्मी' करायची, आणि तिला लागणारी कुमक त्या आर्मीतूनच मागवायची, फॅक्टऱ्या ती बनवून पाठवतात. कल्पना अचूक होती. पण तिथला नकाशा ठरावीक बिंदूंच्या जोडण्यांवर चालतो, त्यामुळे आर्मीला जायला वाटाच मोजक्या. सोय मोठी, निर्णय लहान.

आकडेमोड

पडद्यामागचं थोडं. मोठ्या आरटीएसचे बरेच डिझाइन निर्णय नेटवर्कने केलेले असतात, आणि खेळताना ते दिसत नाहीत.

एज ऑफ एम्पायर्स बनवताना 28.8 केबीपीएसच्या मोडेमवर आठ जण खेळवायचे होते. प्रत्येक युनिटची जागा आणि अवस्था पाठवत बसलं असतं तर जेमतेम अडीचशे हलती युनिट्स मावली असती. म्हणून त्यांनी युनिट्स पाठवलीच नाहीत, फक्त हुकूम पाठवले. प्रत्येक मशीनवर तोच खेळ, तेच हुकूम, त्याच क्षणी. साधारण 200 मिलिसेकंदांची एक फेरी, आणि दिलेला हुकूम दोन फेऱ्यांनंतर अमलात. तो विलंब खेळाडूंना खुपला नाही, कारण तो कायम तेवढाच होता. कधी झटपट, कधी उशिरा असं झालं की मात्र हात बिघडतो.

याची किंमत अशी, की सगळ्या मशीनवर सगळं तंतोतंत सारखं घडलं पाहिजे. त्या टीमनेच दिलेलं उदाहरण: नकाशा तयार होताना एखादं हरीण किंचित वेगळ्या जागी पडलं, तर ते थोडं वेगळं चरतं. काही मिनिटांनी शिकाऱ्याचा भाला चुकतो, तो मांस न घेता परततो, आणि दोन मशीनवरचे दोन खेळ कायमचे वेगळे होतात. चूक दिसते तेव्हा तिचं मूळ कितीतरी मिनिटं मागे पडलेलं असतं.

सुप्रीम कमांडरही याच पद्धतीवर चालतो. म्हणूनच तिथे सगळ्यात मंद मशीन सगळ्यांचा वेग ठरवतं. शेवटाकडे हजारो युनिट्स झाली की घड्याळ रेंगाळायला लागतं, आणि त्याचा खेळावरही परिणाम होतो: युनिट कॅप आणि नकाशाची निवड लोक कल्पना बघून नाही, समोरच्याचा प्रोसेसर बघून करतात.

प्लॅनेटरी ॲनिहिलेशनने (2014) वेगळा मार्ग धरला. खेळ सर्व्हरवर चालतो, तुमच्याकडे फक्त तुम्हाला दिसतं तेवढंच येतं. त्यामुळे लपलेलं सैन्य उघडं पाडणाऱ्या चीटची हवाच निघते. खेळ चालू असताना मागे जाऊन 'हा बेस नेमका कधी पडला' हेही बघता येतं. तांत्रिक बाजूने मला तो या घराण्यातला सगळ्यात धाडसी गेम वाटतो.

कूटप्रश्न

तांत्रिक बाजूने हो. पण गोलाकार ग्रहांनी त्यांनी झूमचाच घात केला. कितीही मागे गेलात तरी ग्रहाची अर्धी बाजू पलीकडेच. त्यात एक ग्रह, त्याचा चंद्र, आणखी एक ग्रह. सपाट नकाशाला कडा असतात, कोपरा असतो, पिछाडी असते. गोलाला पिछाडीच नाही, कुठूनही हल्ला येऊ शकतो. लघुग्रह उचलून ग्रहावर आपटणं हे दृश्य अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. पण लक्षाची जी बचत सुप्रीम कमांडरने केली होती ती भूमितीने परत घेतली.

नवशिका_शिलेदार

प्रश्न विचारू का? बियॉन्ड ऑल रीझनचे 8 विरुद्ध 8 चे सामने बघतोय. नकाशा प्रचंड, युनिट्स शेकड्यांनी, तरी खेळणारे गोंधळलेले दिसत नाहीत. तुम्ही म्हणताय ती लक्षाची टंचाई तिथे कुठे जाते?

रणगाडा

@नवशिका_शिलेदार, छान प्रश्न, माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हा भाग राहिलाच होता. तिथे लक्ष वाटून घेतलंय. सोळा खेळाडू, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला आघाडीचा एक अरुंद पट्टा येतो. एखादा विमानांवर, एखादा मागे बसून इकॉनॉमी वाढवतो आणि टी2 चे इंजिनिअर बनवून बाकीच्यांना देतो, त्या बदल्यात मेटल घेतो. जास्तीचं मेटल वाया न जाता साथीदारांकडे जातं. म्हणजे एकट्याच्या डोक्यात चालणारा 'आवक कुठे वळवू' हा निर्णय तिथे आठ जणांच्या बोलण्यातून होतो. वॉरगेम रेड ड्रॅगनचे 10 विरुद्ध 10 चे सामनेही याच वाटेचे.

आणखी एक गोष्ट रिप्लेमध्ये नीट बघा. तिथे उजवं बटण दाबून माउस ओढला की जमिनीवर रेघ उमटते आणि निवडलेली युनिट्स त्या रेघेवर समान अंतराने पसरतात. तीस रणगाडे, एक रेघ. टेकडीच्या वळणावर वळलेली रेघ ओढा, रणगाडे वळणावर उभे राहतात. तीस क्लिक वाचले, पण रेघ कुठे आणि कशी ओढायची हे तुमच्याच हातात राहिलं. माझा सगळा मुद्दा त्या एका रेघेत आहे.

सुरुवात करायची असेल तर हाच गेम घ्या. फुकट आहे आणि लोक भरपूर खेळतात. त्याचं इंजिन, रिकॉइल, हे स्प्रिंग इंजिनमधून फुटलेलं, आणि स्प्रिंगची सुरुवात टोटल ॲनिहिलेशनचे रिप्ले थ्रीडीत बघण्याच्या खटाटोपातून झाली. एका चाहत्या गटाने घातलेला तो पाया अजून वापरात आहे.

पाणबुडी

स्प्रिंगचं नाव निघालं म्हणून त्याच इंजिनवरचा गेम झिरो-के सांगतो. ऑटोमेशनमध्ये त्याच्या इतकं पुढे कुणी गेलेलं मी पाहिलं नाही. लांब पल्ल्याचं युनिट शत्रू जवळ येताच स्वतःहून मागे सरकत मारतं. चपळ युनिट्स लढताना आपोआप वेडीवाकडी धावतात, म्हणजे मंद गोळे चुकतात. हे सगळं स्टारक्राफ्टमध्ये हाताने करावं लागतं आणि त्यालाच कौशल्य म्हणतात. झिरो-केमध्ये ते युनिटला येतं. तुम्ही फक्त कुणासमोर कोणतं युनिट न्यायचं ते बघा. जमीनसुद्धा उचलता-खोदता येते: भिंत घाला, खड्डा करा, तोफ उंचावर बसवा.

अर्धविराम

@पाणबुडी, इथेच माझी शंका आहे. युनिट स्वतः मागे सरकायला लागलं, उद्या ते स्वतः बाजूने वळसा घालेल, परवा हल्ल्याची वेळ ठरवेल. सीमा कुठे?

पाणबुडी

सीमा रणगाडा यांनी वर सांगितलीच आहे: उत्तर कायम एकच असेल तिथपर्यंत. लांब पल्ल्याच्या युनिटने अंतर राखावं याला दुसरं उत्तर जवळजवळ नसतं. वळसा घालायचा की नाही याला असतं. आणि जिथे मागे सरकणं चुकीचं ठरतं, उदाहरणार्थ मागे आपलाच मेक्स आहे आणि तो सोडायचा नाही, तिथे हुकूम देऊन युनिटला जागेवर रोखता येतं. उलट त्याने तुमचा एक हुकूम जास्त मोलाचा होतो, कारण तो नेहमीच्या वागण्याविरुद्ध असतो.

राइज ऑफ नेशन्सने (2003) हेच गावकऱ्यांबाबत केलं होतं. रिकामा बसलेला माणूस थोड्या वेळाने स्वतः काम शोधतो. तरीही इकॉनॉमीत विचार उरतोच, कारण कॉमर्सची मर्यादा प्रत्येक संसाधनाच्या आवकीला छत घालते आणि एकाच गोष्टीचा मारा करता येत नाही.

अर्धविराम

जागेवर रोखण्याचं उदाहरण पटलं. लार्वा इंजेक्टची बाजू मी अजूनही घेईन, पण ती ताल आणि हातोटीची बाजू आहे हे मान्य. दोन ठिकाणचा ड्रॉप मला मोठ्या गेममध्येही मिळणार असेल तर तक्रार नाही.

दुर्गपाल

मोठ्या गेमचा शेवट या विषयावर कुणीच बोललं नाही. सामना तासभर रंगतो आणि मग कुणीतरी गेम-एंडर बांधतं, अख्ख्या नकाशावर मारा करणारी तोफ वगैरे, आणि बाकीचं सगळं फुकट. टोटल वॉरमध्ये सैन्य मोडलं की लढाई संपते. इथे हरलेल्या माणसाला दूरदूरच्या वीस बेसचा शोध लागेपर्यंत बसून राहावं लागतं. हे घराणं शेवट कसा करायचा हे शिकलेलंच नाही.

रणगाडा

@दुर्गपाल, तोफेबद्दल निम्मं मान्य. सुप्रीम कमांडरमधल्या यूईएफ या गटाची मेव्हर तोफ (गेमचे प्रोग्रामर जॉन मेव्हर यांच्यावरून नाव ठेवलेली) उभी राहिली की बहुतेक सामने संपतातच. पण ती अचानक उगवत नाही. ती बांधायला जो मासचा डोंगर लागतो, तो तुमच्या आघाडीवरून कमी झालेला असतो. स्काउट विमान वेळेवर पाठवणाऱ्याला ती अर्धवट असताना दिसते, आणि त्या क्षणी समोरची फळी नेहमीपेक्षा पातळ असते.

वीस बेस शोधत बसण्याबद्दल मात्र असहमत, कारण यावरचं उत्तर 1997 च्या टोटल ॲनिहिलेशनपासून आहे: कमांडर, म्हणजे प्रत्येक खेळाडूचं एकमेव मुख्य युनिट. फोर्ज्ड अलायन्सचे बहुतेक सामने कमांडर मेला की संपतो याच नियमावर खेळले जातात. आणि कमांडर हा मागे लपवून ठेवायचा राजा नाही. सुरुवातीला तोच तुमचा सगळ्यात चांगला इंजिनिअर, आणि पहिल्या लढाईत तोच सगळ्यात दणकट लढवय्या. त्याला आघाडीवर नेलंत तर पहिल्या पाच-दहा मिनिटांत मैदान तुमचं. पण शत्रूची टी2 युनिट्स यायला लागली की प्रत्येक पाऊल धोक्याचं. घरी आणलंत तर जीव सुरक्षित, पण आघाडी रिकामी. टी2, टी3, बंदुकीचं अपग्रेड, शील्ड, यातलं काय त्याच्या अंगावर चढवायचं, यातही मास जातो. तो मरताना होणाऱ्या स्फोटात आसपासचं सगळं जातं, त्यामुळे दोन कमांडर समोरासमोर आले की दोघांनाही हिशोब करावा लागतो: मी मेलो तर तोही मरेल का?

हजार युनिट्सच्या सामन्यात असं एक युनिट असतं, जिथे प्रत्येक क्लिक मोजला जातो. बाकी 999 साठी रांगा, रेघा आणि झूम आहेत. चांगले खेळाडू सारखे कमांडरवर येऊन जातात, आणि एकमेकांच्या कमांडरवर धाड घालायला टॉर्पेडो बॉम्बर पाठवतात, कारण पाण्यात उतरलेला कमांडर बाकी बऱ्याच शस्त्रांपासून वाचतो पण टॉर्पेडोपासून नाही. @अर्धविराम, तुम्हाला हवा असलेला खेळाडूवरचा घाव तो हाच. नेमक्या त्याच मिनिटाला समोरचा तुमच्या लांबच्या तीन मेक्सवर दोन-दोन रणगाडे सोडतो.